भट्टी थंड होती तेव्हा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर बेकरी आहे आणि ती चालवणाऱ्या माणसाला सगळी गल्ली भट्टीवाले काका म्हणते. मी त्यांच्या अगदी वरच्याच मजल्यावर राहते. पहाटे ताज्या पावाचा वास जिन्याने वर आला की मला गजराची गरज उरत नाही.

शंका घेणं हा प्रकार काकांना जन्मात जमला नाही. पीठ मळताना, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना, वाटसरूला रस्ता सांगताना ते ठाम असतात. चुकीचा रस्ता सांगतानाही तेवढेच ठाम असतात. काकू शाळेत विज्ञान शिकवतात. त्या वाद घालत नाहीत. फक्त "असं म्हणता? बघू या की," म्हणतात, आणि ते ऐकलं की समोरच्याने सावध व्हावं.

मागच्या वर्षी भट्टीला मोठी चीर गेली. भट्ट्या बांधणारा मिस्त्री येऊन आत डोकं घालून बघून गेला आणि म्हणाला, डागडुजीत काही अर्थ नाही, नवीच बांधावी लागेल. बांधायची, वाळवायची, हळूहळू तापवायची, म्हणजे बेकरी दहा-बारा दिवस बंद. त्याला सवड होती दोन महिन्यांनी. लग्न झाल्यापासून काकांनी आठवड्याची सुट्टी सोडली तर भट्टी कधी थंड होऊ दिली नव्हती. दूर नोकरी करणाऱ्या लेकीला हे कळलं तेव्हा तिने फोनवरच निकाल लावला. "बाबा, आता गेला नाहीत तर कधीच जाणार नाही. आईला घेऊन परदेश बघून या. व्हिसाच्या कागदांचं मी बघते."

काका लगेच तयार झाले. आणि नेमके त्याच आठवड्यात काकूंचे धाकटे भाऊ आले.

हे मेव्हणे दरवर्षी कुठे ना कुठे जाऊन येतात. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "भावोजी, आम्ही गेल्या खेपेला दहा दिवसांत नऊ शहरं केली."

"केली म्हणजे?" काकूंनी विचारलं. "शहरं काय भांडी आहेत, केली आणि पालथी घातली?"

मेव्हणे हसले, पण काकांच्या डोक्यात तो नऊचा आकडा घर करून बसला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बिस्किटांच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा उलटा करून त्यावर बेत आखायला घेतला. नऊ दिवसांत सात शहरं. सकाळी एका गावात न्याहारी, दुपारी दुसऱ्या गावातलं संग्रहालय, संध्याकाळी तिसऱ्या गावाची गाडी. सणासुदीच्या ऑर्डरी लावताना भट्टीत एक ट्रे बाहेर आला की दुसरा आत जातो, तशी शहरं लागली होती. मला खाली बोलावून त्यांनी तो पुठ्ठा दाखवला.

"एक मिनिट फुकट नाही," ते अभिमानाने म्हणाले.

"काका, यात जेवायचं कधी?"

"गाडीत."

"आणि बसायचं?"

"तेही गाडीतच. बसायला तिकडे कशाला जायचं? इथे खुर्च्या नाहीत का?"

काकू वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हा चौथा दिवस जमेल असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं कशाला, जमणारच."

"असं म्हणता? मग इथेच करून बघू या. येत्या सुट्टीला. दोन तासांवर गाडीने जायचं, बॅगा घेऊन. संग्रहालय, टेहळणीचा बुरूज, होडी, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. तुमच्या पुठ्ठ्यावर आहे तस्संच."

"आपल्या इथलं काय बघायचंय?"

"काही नाही. पण प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष काढला तर माझी पोरंसुद्धा हसतील मला."

काकांनी आव्हान उचललं. बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी दोघं भरलेल्या बॅगा घेऊन बाहेर पडले. परदेशी नेणार तेवढंच सामान, स्वेटरांसकट. समोरचा वाणी शटर उघडता उघडता थांबला. "काका, कुठे निघालात?"

"सरावाला," काका म्हणाले आणि चालू लागले.

पुढची हकिकत मला दोघांनीही सांगितली, आणि नवल म्हणजे दोघांची जुळली. गाडी वेळेवर होती. मात्र उतरल्यावर सामान ठेवायच्या खिडकीपुढे मारुतीच्या शेपटासारखी रांग. काकांच्या पुठ्ठ्यावर सामान ठेवायला वेळच धरलेला नव्हता, जणू बॅगा आपण होऊन कपाटात जाऊन बसणार होत्या. तिथून संग्रहालय. पुठ्ठ्याप्रमाणे तिथे तासभर. काकूंनी तासाभरात दोन दालनं बघितली आणि मागे वळून पाहिलं तर नवरा गायब.

काका खालच्या दालनात सापडले. तिथे जुन्या काळच्या स्वयंपाकाच्या वस्तू मांडल्या होत्या आणि एका काचेमागे पावाचे लाकडी साचे होते. फुलांचे, माशांचे, एक घोड्याचा. काका काचेला नाक लावून उभे होते. राखणदाराला त्यांनी बोलावून घेतलं होतं आणि घोड्याचे पाय इतके बारीक असताना पीठ साच्याला चिकटत कसं नसेल, याची चर्चा चालली होती. काकू बाकावर जाऊन बसल्या. घड्याळ बघितलं नाही, हाक मारली नाही. त्यांनी मला सांगितलं, "चेहरा असा होता ना त्यांचा, मला उठवेचना."

काका भानावर आले तेव्हा बुरूज बंद व्हायची वेळ झाली होती. होडीपर्यंत धावत गेले, तर शेवटची होडी पाण्यात दूरवर दिसत होती. काकूंचा गुडघा बोलायला लागला होता. दुपारचं जेवण चार वाजून गेल्यावर स्टेशनच्या बाकावर झालं, आणि तिथे भांडण झालं. तू आधी हाक का मारली नाहीस, इथपासून सुरू झालेलं भांडण मेव्हण्यांच्या लग्नातल्या एका जुन्या प्रकरणापर्यंत गेलं आणि गाडी आली म्हणून थांबलं.

"हे आपल्या मुलखात," काकू डब्यात बसल्यावर म्हणाल्या. "भाषा आपली, वाटा आपल्या. तिकडे पाटीसुद्धा वाचता येणार नाही."



मला वाटलं होतं की आता काका आठवडाभर तोंड पाडून फिरतील. पण मी काकांना पुरती ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेले तर ते गल्ल्यावरूनच ओरडले, "सात शहरांचा बेत ज्याने केला तो माणूस बिनडोक होता!" जणू तो माणूस पलीकडच्या गल्लीत राहत होता. चूक उमगली की ती उराशी धरून बसायची नाही, पीठ फसलं की जसं काढून टाकायचं आणि नवं मळायला घ्यायचं, तसा हा गडी.

मग दोघांनी मिळून नवा बेत केला. मीही अधूनमधून चोंबडेपणा करायला हजर असायचे. काका नकाशा पसरायचे, काकू प्रश्न विचारायच्या. एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्याच शहरातून परतीचं विमान धरायचं, म्हणजे आल्या वाटेने माघारी यायला नको, ही काकूंची अक्कल. हॉटेल स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ हवं, मग खोली लहान असली तरी चालेल, ही काकांची. ज्या दिवशी गाव बदलायचं त्या दिवशी दुसरं काही बघायचं नाही. संग्रहालयं आठवड्यातून एकदा बंद असतात, तो वार आधी शोधायचा. सकाळी एक ठिकाण, जेवून थोडी विश्रांती, मग जमलं तर दुसरं. असं करता करता सातातली चार ठिकाणं गळाली. उरली ती दोन शहरं आणि तळ्याकाठचं एक छोटं गाव. त्या गावातले दोन दिवस कोरेच ठेवले.

मेव्हण्यांना ते पटेना. "भावोजी, एवढं विमानाने जाऊन तीनच? आणि दोन दिवस नुसते रिकामे?"

"हो," काका म्हणाले. "पीठसुद्धा फुगायला झाकून ठेवावं लागतं. दर पाच मिनिटांनी बोट घातलं तर पावाचा दगड होतो."

ते गेले. पहिलं शहर व्यवस्थित पार पडलं, काकूंनी हवी ती चित्रं डोळे भरून पाहिली. दुसऱ्या शहरात जायच्या दिवशी रुळांच्या कामामुळे त्यांची गाडीच रद्द झाली. पाटी वाचता येत नव्हती, पण सगळे प्रवासी एकाच वेळी खांदे पाडून खिडकीकडे वळले, त्यावरून काय ते समजलं. पुढची गाडी दुपारी होती. त्या दिवशी कुठे पोहोचायची घाई नव्हतीच, म्हणून दोघं स्टेशनातल्या उन्हाच्या कोपऱ्यात कॉफी घेऊन बसले. तिथून काकूंनी मला फोन केला, "सात शहरांवाला बेत असता ना, तर आत्ता पत्त्यांचा बंगला कोसळला असता. हे बघ, तुझे काका समोर बसून पेंगतायत."

खरी गंमत तळ्याकाठच्या गावात झाली. पहिल्याच पहाटे सवयीप्रमाणे काकांना जाग आली. बाहेर अंधार होता. बायकोला झोपू द्यावं म्हणून ते उशाशी चिठ्ठी ठेवून हळूच बाहेर पडले. चार पावलं गेले आणि नाकाने त्यांना गल्लीत वळवलं. एका घराचं मागचं दार उघडं होतं आणि आत पन्नाशीची एक दणकट बाई भट्टीत लांब फळी सारत होती.

काका दारात उभे राहिले. बाईने कपाळाला आठ्या घालून काहीतरी विचारलं. काकांना तिची भाषा येत नव्हती, तिला यांची. मग काकांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि हातावरचे भाजल्याचे डाग दाखवले, मनगटापासून कोपरापर्यंत.  मग तिने आपली बाही वर केली. तसेच डाग, त्याच जागी. तिने खुंटीवरचा ॲप्रन काढून काकांच्या अंगावर फेकला.

उजाडेपर्यंत काका तिथे काम करत होते. तिचं पीठ काळपट, जड आणि आंबूस वासाचं. काकांनी पहिला गोळा आपल्या पद्धतीने वळला तर तिने तो हातातून घेतला, मोडला आणि परत वळून दाखवला. काकांचा गोळा कुणी मोडला, हे गेल्या तीस वर्षांत प्रथमच घडलं असेल. दुसरा तिने ठेवून घेतला. चौथ्याला मान डोलावली.

खोलीवर आले ते केसांत पीठ, काखेत गरम पाव आणि चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा. काकू चिठ्ठी वाचून खिडकीत बसल्या होत्या. "आज काय बघायचं होतं आपल्याला?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही," काकू म्हणाल्या. "चल म्हणाल तिथे येते."

दुसऱ्या पहाटे त्याही गेल्या. एका पिंपावर बसून त्यांनी नवऱ्याला काम करताना बघितलं. संसार एवढ्या वर्षांचा, पण पहाटे त्या झोपलेल्या असायच्या किंवा शाळेची तयारी करत असायच्या; असं निवांत बसून त्यांचे हात बघायची वेळ कधी आली नव्हती, असं त्या मला म्हणाल्या, आणि मग उगीचच माझ्या पडद्यांचं कौतुक करू लागल्या.

तळ्यातलं एक प्रसिद्ध बेट मात्र बघायचं राहून गेलं. मेव्हण्यांनी फोनवर पहिलं तेच विचारलं.

"नाही झालं," काका बिनदिक्कत म्हणाले. "बेट कुठे पळून जातंय?"

नवी भट्टी आता झकास चालली आहे. काका आठवड्यातून एकदा तो काळपट पाव करतात. सुरुवातीला गल्लीतलं कुणी त्याला हात लावेना. वाणी म्हणाला, "काका, हा जळला की काय?" आता त्यालाच दोन लागतात. त्या बाईचे निरोप लेकीच्या मदतीने येतात, ती मोबाइलवर भाषा उलगडून देते. मागच्या महिन्यात बाईने कळवलं की तिलाही पुढच्या थंडीत आठवडाभर सुट्टी मिळते आहे, तुमच्याकडे यायला आवडेल, पण देश एवढा मोठा, काय बघावं कळत नाही.

काकांनी त्याच दिवशी नकाशा काढला. काल मी पाव आणायला गेले तेव्हा गल्ल्याशेजारी काकू उभ्या होत्या आणि दोघांचा खल चालला होता. काकांचं म्हणणं, एकच गाव पुरे. काकूंचं म्हणणं, एवढ्या लांबून येणार, दोन तरी दाखवू.

"तिला विचारा की," मी म्हटलं.

"तिला काय विचारायचंय," काका ठामपणे म्हणाले. "तुझी ती मागची खोली रिकामी आहे ना? तिथे उतरेल ती. खाली भट्टी आहे, तिला करमेल."

मी हो म्हणून टाकलं.