खुणेच्या पुढं अर्धा फेरा

आमचे आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि त्यांनी एक जुना टेम्पो घेतला. तेव्हा कोडोलीतल्या आमच्या बौद्धवाड्याला वाटलं, टेम्पो सगळ्यांचाच आला. जयंतीच्या मिरवणुकीला आम्ही दरवर्षी कुणाची तरी गाडी मागून आणायचो, आणि देणारा घड्याळाकडं बघत उभा राहायचा. "यंदा फोटो आपल्या गाडीवर, आन् ष्टेरिंगवर मी," आबा महिनाभर भेटेल त्याला सांगत होते.

मिरवणूक संध्याकाळी पाचची. सकाळी गाडी काढली, तर गिअर टाकला की मागनं ठण्ण! खाली शिरून बघितलं. इंजिनाचा जोर मागं नेणारा लांब शाफ्ट जिथं मागच्या चाकांमधल्या डिफरन्शिअलला जोडलेला असतो, तिथल्या जाड चकतीची, म्हणजे फ्लँजची भोकं झिजून लांबट झालेली. आबांना याचा आधीच वास आला होता. नवा फ्लँज त्यांनी शाहूपुरीतल्या स्पेअरपार्टच्या दुकानातून आणून ठेवलेला.

फ्लँज धरून ठेवणारा नट सोडायच्या आधी त्यांनी नटावर आणि तो ज्या दांड्यावर बसतो त्या पिनियनच्या टोकावर पंचानं एकेक ठिपका मारला. "नवा फ्लँज बसीव. ठिपक्यासमोर ठिपका आला की थांबायचं. आत पातळ नळी असत्या, ती दबायची तेवढी दबलीया. जास्त आवळलंस तर बेरिंग जाम हुतंय." एवढं सांगून ते विहारातून फोटो आणायला गेले. मी नुकताच आयटीआय करून आलेलो. माझा थाट असा, की हे काय मला सांगायचं?

बाहेर हलगी तापत होती. पहिली थाप पडली आणि माझ्या अंगात आलं! फ्लँज बसवला, नट फिरवत आणला, ठिपक्याला ठिपका भिडला. पण किती हलका! लोणच्याच्या बरणीचं झाकण लावावं तसा. एवढी माणसं गाडीवर चढणार आणि नट असला? मला काही पटेना. दोस्तमंडळी वाकून बघत होती. "आवळ की लेका! ताकद न्हाय व्हय रं?"

झालं. पान्याला चार फुटी पाइप घातला आणि घेतला अर्धा फेरा. कर्र करून आवाज आला. कसलं भारी वाटलं म्हणून सांगू! पोरांनी तर शिट्ट्या मारल्या.

मग फ्लँज हातानं फिरवून बघितला. हलेना. नट जरा ढिला केला, तर फ्लँज डुगडुगायला लागला. आतली नळी चेपली होती, आणि ती एकदा चेपली की परत उभी राहत नाही. शाहूपुरीला जाऊन नवी आणायची, सगळं पुन्हा उघडायचं, हे पाचच्या आत होणारच नव्हतं.

आबा आले. फोटो खाटेवर ठेवून खाली शिरले, फ्लँजला हात लावला. मी गाल तयार ठेवला होता.

"गाढवा," ते एवढंच म्हणाले. पडल्या पडल्या मागच्या दोन्ही चाकांकडं आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाले, "दोन्ही एक्सल काढ."

एक्सल काढले की चाकांचा डिफरन्शिअलशी संबंध तुटतो. चाकं मोकळी फिरतात, ब्रेकही लागतो. फक्त इंजिन काही कामाचं राहत नाही. पाचला फोटो वर चढला, झेंडूच्या माळा लागल्या, आबा पांढऱ्याशुभ्र कपड्यात स्टेअरिंगवर बसले आणि तीसएक माणसांनी मागून खांदा लावला. बायासुद्धा पदर खोचून आल्या. माझा खांदा सगळ्यात पुढं होता. हलगी कडाडत होती आणि आमचा टेम्पो हलत होता!

बाजाराच्या चढाला सगळ्यांना धाप लागली. शेजारून एक अनोळखी जीपवाला चालला होता. त्यानं गाडी थांबवून विचारलं, "बंद पडलीया व्हय? दोरी लावून वढू काय?"

आबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. एकदा मागं आमच्याकडं बघितलं.

"नको पावणं," ते म्हणाले, "चालू हाय की आमची गाडी."