तिसावा पारा

हे सांगायचं मी पन्नास वर्षं टाळलं. वखारीतली नोकरी का सोडली, असं नातवंडांनी विचारलं की म्हणायचो, धुळ्याचं पाणी मानवलं नाही. खोटं.

धुळ्यात एका लाकडाच्या वखारीत मी कारकून होतो. शेठ आमच्याच धर्माचे. पाच वेळची नमाज कधी चुकली नाही. त्यांच्या वडिलांना जाऊन चाळीस दिवस झालेले, त्यांचा चाळिसावा होता. दिवाणखान्यात पांढरी चादर अंथरलेली. कुराणाचे तीस पारे, म्हणजे भाग, तीस जणांत वाटले. सगळे एकदम वाचतात, तासाभरात अख्खं कुराण पुरं. तिथं बसलेल्या कुणालाच अर्थ ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. माझ्या हाती तिसावा पारा आला. पोरं तोच आधी शिकतात.

तेवढ्यात काठी टेकत हाफिजजी आले. आमच्या गावचे आंधळे पिंजारी. कुराण तोंडपाठ. तिसावा पारा मला त्यांनीच शिकवला होता. चुकलो की गुडघ्यावर बोट आपटायचे. चादर चाचपत ते थेट पुढं गेले आणि मामलेदारांशेजारी बसले. सदऱ्याला कापसाची तुसं.

शेठ माझ्या कानाशी लागले.

"त्या पिंजाऱ्याला उठव. चपलांपाशी बसव."

मी हललो नाही.

"तूही पिंजाऱ्याचाच ना? लेखणी हातात दिली म्हणून चादरीवर बसलास. ऊठ. का तूही जातोस तिकडं?"

मी उठलो. त्यांनी ओळखू नये म्हणून आवाज जाड केला.

"ओ बाबा, उठा. तिकडं बसा."

त्यांनी मान वळवली.

"आवाज तुना शे का रे?"

मी दंडाला धरून त्यांना चपलांत नेऊन बसवलं. तिथं बसून ते पाठ म्हणू लागले. मी परत येऊन पारा उघडला. बोटाखाली ओळ होती : अबस व तवल्ला.

ती ओळ डोक्यातून जाईना. शेवटी उर्दू शाळेच्या मास्तरांकडून अर्थाचं कुराण आणलं. "त्यानं कपाळाला आठी घातली आणि तोंड फिरवलं, आंधळा त्याच्याकडे आला म्हणून." खाली टीप होती. पैगंबर मक्केच्या बड्या लोकांशी बोलत होते, तेव्हा एक आंधळा शिकायला आला. अल्लाहनं पैगंबरांनाच टोकलं.

आपल्याच पैगंबरावर ठेवलेला ठपका ज्या ग्रंथानं पुसला नाही, तो शेठच्या सोयीचा असूच शकत नाही. माझी श्रद्धा तिथं सुरू झाली. दिलासा म्हणून नाही. थोबाडीत बसावी तशी.

वर्ष भरलं. शेठच्या वडिलांच्या बरसीला तीच चादर, हाती तोच पारा. मी उभा राहिलो आणि अर्थ मोठ्यानं म्हणू लागलो.

"खाली बस, पिंजाऱ्या!" शेठ ओरडले. "वाचायला बोलावलंय. शिकवायला नाही."

मी अर्थ पुरा केला. चादरीवरून उतरलो, चपला घातल्या, परत गेलो नाही.

थेट गाव गाठलं. हाफिजजी ओट्यावर एकटेच बसले होते. पावलं ऐकून म्हणाले, "कोन शे?"

भरल्या घरात बोललो, आणि इथं तोंड उघडेना. बोललो असतो तर त्यांनी आवाज ओळखला असता. मी तसाच मागं फिरलो. पुन्हा जायच्या आत ते वारले.

तेव्हापासून जिथं माणसाला चपलांपाशी बसवतात, तिथं मी बसत नाही. मशीद असो की लग्नाचा मांडव. मरेपर्यंत बसणार नाही. पण त्यानं त्यांच्या प्रश्नाचं देणं फिटत नाही.

होय, हाफिजजी. आवाज माझाच होता.