चौकटीवरची डबी

लंडनमध्ये एजवेअरला आमच्या घरापासून दोन घरं पलीकडे कोणीतरी खिडकीतून वीट मारली. आतल्या यहुदी म्हातारीच्या गालात काचा घुसल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलानं आमच्या दारावरची मेझुझा उपटून काढली. मेझुझा म्हणजे चौकटीला उजव्या हाताला ठोकलेली डबी, आत आमची प्रार्थना. आम्ही कोकणातले यहुदी. आत शिरताना डबीला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची, ही सवय मला चालायला लागल्यापासूनची.

"बाबा, हे बघून उद्या आपल्यावर पण वीट येईल."

"येऊ दे. घर माझं आहे. डबी परत लाव."

"नो. नाही लावणार."

मी चार यत्ता शिकलेला, तो मोठा अकाउंटंट. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

सुनेनं तोड काढली, सगळे मिळून हॉलिडेला जाऊ. कोलंबियातलं समुद्रकाठचं जुनं शहर, स्पेनवाल्यांनी बांधलेलं. किल्ला बघितला, तटावरच्या तोफा बघितल्या. गाईडच्या तोंडी एकच, इथे कापले, तिथे जाळले, त्या चौकात गुलाम विकले. चिरे मात्र झकास बसवलेत. कोणाच्या पाठीवर फटके मारून बसवून घेतले, तेही त्यानं सांगितलं.

मग त्यांच्या धर्मकोर्टाचा वाडा, लपूनछपून यहुदी धर्म पाळणाऱ्यांना इथे धरून आणायचे. आत शिरताना माझा हात आपसूक उजव्या चौकटीवर गेला आणि मग ओठांवर. तिथे डबी कुठली असायला! गाईड हसला. "सर, त्या काळी एवढ्यावरून तुम्हाला दारातच धरलं असतं."

बाहेरच्या भिंतीत एक लहानशी खिडकी आहे. शेजाऱ्यानं यायचं आणि तिथून चुगली करायची, अमक्याच्या घरी शनिवारी चूल पेटत नाही. मग त्या अमक्याचे हात पाठीमागे बांधायचे, दोरानं आढ्याला टांगायचा आणि एकदम खाली सोडायचा. खांदे निखळले की पुन्हा वर. माझे पूर्वज तेली. शनिवार यहुद्यांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी आमचा घाणा बंद. गावानं शनवार तेली म्हणून हाक मारली, पण एकानंही बोट लावलं नाही. आणि इथे त्याच शनिवारापायी माणसं फाडली! माझं डोकं तापायला लागलं होतं.

अंगणात फोटोसाठी लाकडी खोडा ठेवलेला. दोन जाड फळ्या, मध्ये मानेला भोक. मुलानं खुशाल मान आत घातली, वरची फळी खाली ओढली आणि जीभ बाहेर काढून ओरडला, "हेल्प! मी ज्यू आहे! डोन्ट किल मी!"

लोक खदखदा हसले. सूनही मोबाईल धरून हसत होती.

"बाहेर ये," मी म्हणालो. किती दिवसांनी त्याच्याशी बोललो.

"चिल, बाबा. फोटो आहे फक्त."

मी फळी उचलून मागे आपटली, त्याची कॉलर धरली आणि ओढला. लाकडाच्या कडेनं त्याचा कान फाटला. तो बाहेर आल्या आल्या सगळ्यांसमोर त्याच्या तोंडात भडकावली. गाईड मला धरायला आला, त्याच्या छातीत कोपर मारलं. सून किंचाळली, "अहो बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?"

"याला विचार!" मी त्याच्याकडे वळलो. "डबी काढलीस ना, तेव्हाच मान आत घातलीस!"

त्याच्या शर्टावर रक्त ठिबकत होतं. आम्हाला वाड्याबाहेर काढलं. मी माफी मागितली नाही, आजही मागणार नाही.

लंडनला परतल्यावर त्याच्या टेबलाच्या खणातून मी डबी घेतली आणि हातोडा घेऊन दारात उभा राहिलो. पहिला खिळा वाकला, दुसऱ्याचा घाव माझ्या अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं झालं. मी ठोकतच राहिलो. चौकटीची ढलपी उडाली.

तो आतून आला, कानाला पट्टी, हातात ड्रिल.

"हातोड्यानं दार फुटेल, बाबा. सरका."

"नीट तिरकी लाव. वरचं टोक घराकडे."

"माहिती आहे मला."

"माहीत होतं तर काढलीस कशाला?"

त्यानं ड्रिल चालू केलं. मी डबी धरून उभा राहिलो. रस्त्यावर एक गाडी हळू झाली. आम्ही दोघांनी वळून बघितलं. ती गेली, आणि त्यानं दुसरा स्क्रू मागितला.