पुढून निघालं की बाद

मैदान आखायच्या फक्कीचा वास आला की मला कुरुंद्याची ती दुपार आठवते. थाळीफेकीत राज्यात पहिली आलेली आमची ताई झेडपी मेंबर झाली होती आणि शाळांच्या स्पर्धेला पाहुणी आली होती. थाळी मी तिच्याकडूनच शिकले. त्या दिवशी मी पंच होते. शिवारातून हळद शिजवल्याचा उग्र वास येत होता. लोकांनी आग्रह केला तसा तिनं पदर खोचला, गिरकी घेतली, आणि थाळी हवेत असतानाच टाळ्या सुरू झाल्या. हार घेऊन उभ्या माणसांकडं ती वर्तुळाच्या पुढूनच चालत गेली. फेकून झाल्यावर मागूनच निघायचं, पुढून निघालं की फेक बाद, हे तिनंच आम्हाला दटावून शिकवलेलं. मी लाल झेंडा उचलला तर तिच्या कार्यकर्त्यानं माझा हात खाली दाबला, "मॅडम, फोटो चालू हायत." गाडीत बसताना ताईनं हळूच विचारलं, "फाऊल होता न्हाई का गं?" मी "व्हय" म्हटलं, तशी तिनं काच वर केली. यंदाच्या निवडणुकीत ती पडली. निकालाच्या संध्याकाळी मी फोन केला. ती म्हणाली, "मतमोजणीतून मागच्या दारानं निघाले गं. या टायमाला बराबर निघाले न्हाई का?"