दिसेल तो टाका माझा

आमच्या भावोजींनी जन्मभर सोफे शिवले. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. लोक त्यांच्या कामावर बसले, लोळले, लहान पोरांनी त्यावर करू नये ते केलं, पण त्यांच्या कामाकडे कुणी बघितलं म्हणून नाही. बघावं असं ते काही ठेवतच नसत. वाकडी सुई कापडाच्या पोटातून अशी फिरवायचे की बाहेर दोऱ्याचा ठिपकासुद्धा दिसू नये. "टाका दिसला की कारागीर मेला," असं म्हणायचे. माझा टाका समोरच्या बिऱ्हाडातून दिसायचा. म्हणजे त्यांच्या लेखी मी कधीच वारले होते.

माझ्या शिवणाचं काय सांगावं! एकदा उशीला अभ्रा घातला आणि तोंड शिवून टाकलं. कात्री सापडेना म्हणून घरभर आदळआपट केली, शेजारणीवर संशय घेतला. भावोजी त्या उशीवर डोकं टेकायला गेले तेव्हा कात्री सापडली. तेव्हापासून मी हातात सुई घेतली की ते उठून बाहेर जात.

पुढे लोक तयार सोफे आणायला लागले. गादी दबली की फेकायचे, नवे आणायचे. भावोजींनी दुकान बंद केलं आणि घरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायला लागले. मऊ काही दिलं तर म्हणत, "नको, मग आतलं काम बघावंसं वाटतं." सुया तेवढ्या रोज तेलाच्या फडक्याने पुसायचे.

अशात त्यांची नात आली. ही पोरगी सिनेमे करते. म्हणजे करायचे म्हणते, आणि मग घरातल्या वस्तू नाहीशा होतात.

"आबा, मला एक बाई सोफ्याला शिवून हवीय."

"कुठली बाई?"

"माझी मैत्रीण. औषधांच्या दुकानात असते ती."

"तिच्या घरच्यांना विचारलंस का?"

मग तिने गोष्ट सांगितली. एक बाई एकटी राहते. जुना सोफा आणते. त्यावर पडून राहायची तिला सवय लागते, आणि हळूहळू तिचं अंग सोफ्यात रुजतं. पाठीवर कापड फुटतं, मांडीतून काथ्या निघतो. याला बॉडी हॉरर म्हणतात म्हणे. आपल्याच अंगाचं भलतंच काहीतरी होत जातं, त्याची भीती.

मी म्हटलं, "अगं, त्याला सिनेमा कशाला? सकाळी मी उठते तेव्हा येऊन बघ. फुकटात."

"मोठी आजी, यात ती बाई शेवटी उठतच नाही."

"मग तर फारच ओळखीचं झालं."

भावोजी हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "पडद्यावर टाका केवढा दिसेल?"

"भिंतीएवढा, आबा."

झालं. न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून आले, माझं काम पडद्यावर येणार. इस्त्रीला नवा शर्ट टाकला. मला म्हणाले, "वहिनी, एकदा तरी लोकांनी आपलं काम समोर बसून बघावं. त्याच्यावर बसून नव्हे." जन्मात या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे!

आमच्या स्वयंपाकघराचा कारखाना झाला. पोरीने रबराचा चीक आणला, माझ्या चहाच्या ट्रेवर थर देऊन देऊन वाळवला आणि त्याचं कातडं केलं. रक्त म्हणजे बिटाचा रस आणि साखरेचा पाक. भावोजींनी ते कातडं सोफ्याच्या पाठीला जोडायला घेतलं. खाली तागाचं कापड, वर फोमचा पातळ थर, आणि कडेने त्यांची वाकडी सुई. जेवायला बोलवावं तर "आलोच" म्हणायचे आणि यायचे नाहीत.

काम झाल्यावर पोरीने मैत्रिणीला बसवलं, कॅमेऱ्यातून बघितलं, पुढून बघितलं, बाजूने बघितलं आणि नखं खायला लागली.

"आबा, जोड दिसतच नाही."

"मग!" भावोजी खूश.

"तसं नाही हो. ती नुसती सोफ्यावर बसलीय असं वाटतंय. पाहुणी आल्यासारखी. ती शिवली गेलीय हे लोकांना कळायला नको का? टाके दिसायला हवेत. वेडेवाकडे, घाणेरडे."

"घाणेरडे टाके मला येत नाहीत."

"प्रयत्न तर करा."

केला बिचाऱ्यांनी. मुद्दाम लांब टाका घ्यायचे आणि हात आपसूक तो आत ओढून घ्यायचा. दोनदा उसवलं, दोनदा शिवलं, दर वेळी आधीपेक्षा सुबक. शेवटी पोरगी म्हणाली, "राहू दे आबा. दुसरं कुणीतरी बघते." भावोजींनी सुया डबीत घातल्या आणि बाहेर जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. इस्त्रीचा शर्ट आला होता, तो तसाच कागदात राहिला.

आता आमच्या घरात सगळ्यांत वाईट कोण शिवतं, हे शोधायला कुणाला फार लांब जावं लागलं नाही.

मी आधी नाही म्हटलं. खरंच म्हटलं. पण पोरगी म्हणाली, "मोठी आजी, तुझ्यासारखा टाका मला पैसे देऊनही मिळणार नाही." खोटं कशाला बोलू, उभ्या आयुष्यात माझ्या शिवणाबद्दल चांगलं बोललेला पहिला माणूस ती. मी पाघळले. भावोजींच्या समोरून दाभण घेऊन गेले आणि दोन दिवस त्यांच्याशी नजर मिळवली नाही.

शूटिंग पोरीच्या दुसऱ्या एका मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीत. संध्याकाळी नवे भाडेकरू येणार, तोवर सगळं उरकायचं. खिडक्यांना घोंगड्या लावून भरदिवसा अंधार केला. मी त्या मुलीला, म्हणजे तिच्या पाठीला चिकटवलेल्या रबराच्या कातड्याला, सोफ्याला शिवलं. पोत्याचं तोंड शिवावं तसे टाके, एक इकडे एक तिकडे. पोरगी टाळ्या वाजवायला लागली. "भयानक! मोठी आजी, भयानक!" मी लाजले.

तेवढ्यात पाकाच्या वासाने मुंग्या आल्या. त्या मुलीच्या मानेवर चढल्या आणि तिने जी किंकाळी फोडली ती सिनेमातली सगळ्यात खरी किंकाळी आहे. पण त्या धक्क्याने माझे टाके पाठीपासून कमरेपर्यंत सटासट उसवले, आतला फोम बाहेर आला आणि रुजलेली बाई उठून नाचायला लागली. मुंग्या झटकल्या, मी पुन्हा शिवलं. ती खोकली. पुन्हा उसवलं. तिसऱ्यांदा तर तिने नुसता श्वास घेतला.

पोरगी डोक्याला हात लावून बसली. मी चपला घातल्या आणि घरी गेले. भावोजी खुर्चीत होते.

"भावोजी, चला."

"मला घाणेरडे टाके येत नाहीत."

"ते मला येतात. टिकणारे येत नाहीत."

त्यांनी डबी उचलली. खोलीत येऊन माझं काम बघितलं आणि इतके हसले की भिंतीला टेकले. "वहिनी, हे शिवलंय की कुणी चावलंय?" मग गुडघे टेकून बसले. मला वाटलं, आता सगळं काढून टाकतील. पण म्हणाले, "तुमचे राहू देत वर. मी खालून धरतो." आणि माझ्या प्रत्येक टाक्याखालून त्यांची सुई गेली. त्यानंतर ती मुलगी खोकली, शिंकली, रडली, हलली. एक टाका सुटला नाही.

म्हणजे काम त्यांचं पडद्यावर आलं, पण माझ्याखाली. मला घास गोड लागेना.

सिनेमा एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवला. भावोजींनी तो शर्ट घातला होता. बसायच्या आधी खुर्ची उलटी करून तिचं बूड तपासलं.

आता सिनेमा कसा होता ते सांगते, पोरगी आमचीच असली तरी. अर्धा वेळ अंधारात काही दिसतच नव्हतं. मांडी फाटते तिथला आवाज कोबीचा होता. मला लगेच कळलं, कारण त्या कोबीची भाजी मीच केली होती. काथ्या निघतो तिथे लोक हसले. सिनेमातल्या शेजारणीचं काम माझ्याकडे होतं, "काय गं, बरी आहेस ना?" एवढंच वाक्य, ते मी बाईकडे न बघता थेट कॅमेऱ्याकडे बघून इतक्या मायेने विचारलं की मागून एक जण म्हणाला, "मी बरा आहे, आजी." पण एका ठिकाणी बाईला उठायचं असतं, उठता येत नाही, आणि ती ओरडत नाही. हात लांब करून उशी नीट मानेखाली घेते. तिथे कुणी हसलं नाही. माणूस कशाकशाची सवय करून घेतो, हे मी सांगायला नको. त्या बाईच्या पाठीवर माझे टाके भिंतीएवढे होते, आणि ती श्वास घेई तसे ताणले जात होते.

सिनेमा संपल्यावर दाढीवाल्या एका माणसाने विचारलं, "ते टाके आत्ता उसवतील, आत्ता उसवतील असं वाटत होतं, आणि उसवत नव्हते. मला बघवेना. कुणी केलं ते?"

पोरगी म्हणाली, "आमच्या मोठ्या आजीने!"

टाळ्या पडल्या. आणि मी उभी राहिले हो! पदर सावरून नमस्कारसुद्धा केला. बसताना बघितलं तर भावोजीही टाळ्या वाजवत होते, चपलांकडे बघत.

मी पुन्हा उठले. "माझे टाके ती मुलगी खोकली तेव्हाच उसवले होते. धरलं ते यांनी. खालून."

पोरीने जीभ चावली. पळत येऊन आबांना हाताला धरून पुढे नेलं, माईक दिला. भावोजींनी माईक घेतला आणि आधी सिनेमाच्या चुका सांगितल्या. तो सोफा इतका जुना दाखवलाय तर मधे दबलेला का नाही? बाई नेहमी एकाच बाजूला बसते, मग दुसरी बाजू झिजते कशी? लोक हसत होते, नात मान डोलावत होती.

"पण तुमचं काम कुठलं?" दाढीवाल्याने विचारलं. "दाखवा की."

पोरीने ते पाठीचं चित्र पडद्यावर थांबवलं. भावोजी पडद्याजवळ गेले. आधी त्यांचीच सावली सगळ्या पाठीवर पडली. बाजूला झाले आणि बोट ठेवलं. "इथून हे इथपर्यंत."

"कुठे?"

"हे काय."

"दिसत नाही हो."

"नीट बघा."

चार-पाच जण उठून पुढे आले. एकाने चष्मा पुसला. एक बाई मान वाकडी करकरून बघत होती. "खरंच नाही दिसत, आजोबा." दर "नाही"गणिक भावोजींची पाठ सरळ होत होती. एवढी माणसं त्यांचं काम बघायला उभी होती, आणि एकालाही ते सापडत नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद त्यांच्या लग्नातही बघितला नव्हता.

मीही पुढे गेले. कुठे आहे ते मला ठाऊक होतं, तरी दिसेना.

"नाही दिसत, भावोजी," मी म्हटलं.

"कसा दिसेल, वहिनी?" ते म्हणाले. "तुमचा आडवा आलाय."