लिनसानच्या भावाचा वाडगा

काळ्या व्हिनेगरची बाटली उघडली, की त्या उग्र वासासरशी मी जपानमधल्या त्सुकुबात, शेजारच्या लिनसानच्या टेबलाशी जाऊन बसते. चिनी नव्या वर्षाची आदली संध्याकाळ होती. रिकामी खुर्ची दिसली तशी मी बसले आणि समोरच्या वाडग्यातले डंपलिंग हावरटासारखे संपवलेसुद्धा.

मग लिनसान हळूच म्हणाली, "तो भावाचा वाडगा. भूकंपानंतर तो चीनला परत गेला. सणाला घरी नसलेल्या माणसाचंही आम्ही वाढून ठेवतो."

मी ओशाळून उठू लागले. तिच्या आईने खांदा दाबून मला बसवलं आणि वाडगा पुन्हा भरला.

पुढच्या वर्षी त्या सणाला मी पुण्यात होते. लिनसानने टेबलाचा फोटो पाठवला. रिकाम्या खुर्च्यांपुढे या वेळी दोन वाडगे भरून ठेवले होते.