नळकाकांची डबल गोळी

नळकाकांना तीस वर्षांत एकाही गळतीनं चकवलं नव्हतं. भिंतीला कान लावायचे, बोटानं टकटक करायचे आणि नेमकी तीच फरशी उचलायचे. पंचाईत एवढीच, की जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना नळासारखी दिसे. दूध उतू गेलं तरी म्हणणार, "खालून प्रेशर वाढलं!" काकूंनी या स्वभावापुढे केव्हाच हात टेकले होते.

मग काकांच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण यकृतात पसरलेला काही अंश उरला. केमोच्या जोडीला सलाइनमधून आणखी एक औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "गाठ उपाशी पडली की शेजारच्या रक्तवाहिन्यांना सांगावा धाडते. मग तिकडून नव्या बारीक वाहिन्या फुटून तिच्यापर्यंत येतात."

"म्हणजे चोरून कनेक्शन!" काका खूश.

"तसंच समजा. हे औषध तो सांगावाच वाटेत पकडतं. मात्र यानं ब्लडप्रेशर वाढतं, म्हणून ते उतरवायला रोज सकाळी ही एक गोळी."

एक! काकूंनी बोट वर करून तीनदा बजावलं होतं. गाठ आकसतेय असा रिपोर्टही आला. आणि पुढच्या डोसच्या आदल्या सकाळी हे गृहस्थ न्हाणीघरात आडवे. कपाळ बेसिनवर आपटलं, चार टाके पडले.

"गोळ्या किती घेतल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन. म्हटलं, मेनचा कॉकच थोडा बंद करावा. प्रेशर नसलं की टोकाच्या नळाला पाणी चढत नाही. गाठ आपोआप सुकेल."

"सगळ्यात वरच्या मजल्यावर तुमचा मेंदू आहे, काका. पाणी आधी तिथलं गेलं!"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आता ते सांगावा पकडणारं औषध थांबवावं लागेल," बाई म्हणाल्या. "जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतात. गाठ कुठली नि कपाळ कुठलं, औषधाला कळत नाही. तोवर नुसती केमो."

"म्हणजे गाठीला मोकळं रान?" काकूंचा आवाज चढला. "अहो, लोकांचे नळ दुरुस्त करता ते पुरे नाही झालं? स्वतःच्या अंगातही पाना घालायचा होता?"

काका कपाळावरचे टाके चाचपू लागले.

पुढचे चार आठवडे काकू रोज ती जखम बघत आणि रोज नव्यानं वैतागत. अखेर बाईंनी कपाळ दाबून पाहिलं आणि औषध पुन्हा सुरू केलं. मधल्या दिवसांत गाठीनं काय उद्योग केले, ते पुढच्या स्कॅनमध्येच कळणार होतं.

काका खाटेवर पडून सलाइनचे थेंब मोजत होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. हळूच त्यांचा हात नळीवरच्या चाकाकडे सरकला.

"फारच बारीक धार सोडलीय गं त्या नर्सपोरीनं..."

काकूंनी फाडकन त्या हातावर चापट मारली आणि तो हात सलाइन संपेपर्यंत आपल्या मुठीत दाबून धरला.